एक पॉइंट तीन

आमच्या मानेवाड्याच्या घरावर, पाण्याच्या टाकीला लागून, एक लोखंडी पाइप उभा आहे. त्याच्या टोकावर अडीच मीटरची ॲल्युमिनियमची नळी, आणि नळीच्या बुडापासून चार दिशांना तिरप्या उतरलेल्या चार तारा. लांबून पाहिलं तर कापड उडून गेलेली छत्री कुणीतरी गच्चीवर खोचून ठेवल्यासारखं दिसतं. समोरच्या काकूंना वाटतं, वीज पडू नये म्हणून लावलंय. गल्लीतल्या एका पोरानं मला विचारलं होतं, "दादा, याच्यानं फाइव्ह जी पकडते का?"

तो माझ्या रेडिओचा अँटेना आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तो अडीच-तीन महिने ट्यून होत नव्हता. खरं तर त्याहून वाईट. त्यातला महिनाभर तो झकास ट्यून झालाय असं मला वाटत होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन सिनेमात ट्रकवाले हातात माइक धरून एकमेकांशी बोलतात ना, तो सीबी रेडिओ. सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास, चाळीस चॅनेल. आपल्याकडेही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो, पण त्यावर बोलणारं माणूस मला तरी नागपुरात भेटलेलं नाही. ज्यांना खरंच रेडिओचं वेड असतं ते इथे हॅम होतात. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि 'व्हीयू'ने सुरू होणारं आपलं कॉलसाइन मिळवायचं. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ते केलं. मग पुण्यात नोकरी लागली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि परवाना फाइलमध्ये पडून राहिला.

हॅम लोकांचा २८ मेगाहर्ट्झचा पट्टा सीबीला अगदी लागून आहे. त्यामुळे अँटेनाही जवळजवळ तोच, फक्त काही सेंटिमीटर आखूड. इंटरनेटवर या अँटेनाबद्दल जो काही शहाणपणा सापडतो तो बहुतेक अमेरिकन सीबीवाल्यांचा असतो. माझं शिक्षण त्यांच्याकडूनच झालं, चुकासकट.

एप्रिलमध्ये मी नागपूरला आलो. आईबाबांना सांगितलं, कंपनीनं पुन्हा वर्क फ्रॉम होम दिलंय. खरी गोष्ट अशी होती की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका व्हिडिओ कॉलवर आम्हा काही जणांना सांगण्यात आलं की तुमची पदं आता नाहीत. कॉल बारा मिनिटांचा होता. एचआरची मुलगी माझ्याच वयाची होती आणि तिचं इंटरनेट मध्येच अडकत होतं. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवरून माझी सगळी लॉगिन बंद झाली.

घरी मी वरच्या खोलीत दहाला बसायचो आणि सातला उठायचो. दिवसभर अर्ज, ऑनलाइन टेस्ट, 'वी रिग्रेट टु इन्फॉर्म'. दुपारी दीड-दोन तास काही करण्यासारखं नसायचं. त्या वेळात अँटेना झाला.

हिशोब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ३०० भागिले २८.४ म्हणजे १०.५६ मीटर. त्याचा पाव भाग २.६४. धातूत लहर किंचित हळू चालते म्हणून साधारण पाच टक्के कमी करायचे, राहिले २.५१ मीटर. एवढी नळी उभी, आणि तेवढ्याच चार तारा खाली. इतवारीतून नळी आणली, एका ज्येष्ठ हॅमकाकांकडून जुना रेडिओ घेतला, आणि वीस मीटर बारीक कोॲक्स केबल त्यांनीच वर फुकट दिली. गच्चीवर ४५ डिग्रीत पाइपला हात लावला की चटका बसायचा, म्हणून सगळी कामं सकाळी सातच्या आत.

पहिल्याच आठवड्यात इंडोनेशिया लागला. मग जपान. मे महिन्याच्या एका संध्याकाळी इटलीतला एक म्हातारा, जो मला नागपूर कुठे आहे ते विचारत होता आणि मी त्याला सांगत होतो की भारताच्या नकाशाच्या मधोमध बोट ठेवा. सूर्य त्या वर्षी त्याच्या अकरा वर्षांच्या चक्राच्या माथ्यावर होता. सूर्यावर डाग जास्त असले की वरचं आयनांबर २८ मेगाहर्ट्झच्या लहरीसुद्धा परत खाली पाठवतं, आणि पन्नास वॅटमध्ये माणूस खंड ओलांडतो. नोकरी नसलेल्या माणसाला कुणीतरी सहा हजार किलोमीटरवरून "तुझा आवाज स्वच्छ येतोय" म्हणतं, तेव्हा काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही.

जूनच्या मध्याला पाऊस आला आणि अँटेना बिघडला.

बिघडला म्हणजे काय, ते सांगायला एसडब्ल्यूआर समजावून सांगावा लागेल. दोरीचं एक टोक भिंतीला बांधा आणि दुसरं टोक झटका. लाट जाते, भिंतीवर आपटते, परत येते. रेडिओची ताकद केबलमधून अशीच वर जाते. अँटेना नीट जुळलेला असेल तर तो सगळी लाट हवेत सोडून देतो, परत काही येत नाही, आणि एसडब्ल्यूआर १ दिसतो. जुळलेला नसेल तर काही भाग परत येतो. २ ला साधारण ११ टक्के परत, ३ ला पाव हिस्सा परत. जास्त परत आलं तर रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून प्रत्येक जण त्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. दीडच्या आत असला की जीव शांत.

माझा मेमध्ये १.२ होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर १.९. वर जाऊन सगळं पुसलं, १.७. पुन्हा पाऊस, २.४. माझ्याकडे नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र आहे, ते सगळ्या पट्ट्यावरचा आलेख काढून दाखवतं. चांगल्या अँटेनाचा आलेख दरीसारखा असतो, दरीचा तळ जिथे, तिथे अँटेना जुळलेला. माझी दरी डावीकडे सरकली होती, म्हणजे २८ च्या खाली. सीबीवाल्यांचा नियम पाठ होता: वरच्या चॅनेलला आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, खालच्या चॅनेलला जास्त असेल तर आखूड. माझा वरच्या बाजूला जास्त होता. म्हणजे लांब. म्हणजे कापा.

मी दोन सेंटिमीटर कापलं.

नवी नळी पावसात भिजून आपोआप लांब कशी होईल, हा प्रश्न मला पडला नाही. चार वर्षं प्रॉडक्शनमधले बग शोधले, "कालपर्यंत चालत होतं, मग काल काय बदललं?" हे ज्युनियर पोरांना मी रोज सांगायचो. इथे बदललेली एकच गोष्ट होती, पाऊस. आणि मी कापत होतो नळी. त्यातही एका वेळी एकच बदल करावा हे पथ्य पाळलं नाही. एका दिवशी नळी कापली, तारांचा कोन बदलला आणि यंत्राचं कॅलिब्रेशनही नव्यानं केलं. आकडा बदलला, पण कशामुळे ते देवालाच ठाऊक. नळीला गिट नसतं. कापलेलं परत आणता येत नाही.

जुलैभर हे चाललं. बाबा खालून बघायचे. एकदा वर आले, टाकीच्या सावलीत उभे राहिले.

"कायले कापून राहिला तिले?"

मी तरंगलांबी समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग केबल जिथे नळीला जोडली होती तिथे बोट दाखवून म्हणाले, "पाणी गेलं असन यात."

"टेप लावलीय बाबा."

"हो, दिसून राहिली," म्हणाले आणि खाली गेले.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. जमिनीखालून जाणाऱ्या शेकडो जोड्यांच्या केबलमध्ये फॉल्ट आला की खड्डा खणून, त्यात उतरून, एकेक तार ओळखून जोडणारा माणूस. जुन्या केबलमध्ये तारांभोवती कागद असायचा आणि वरून शिशाचं आवरण. कागद ओला झाला की अख्खा मोहल्ला मुका. पाणी आत येऊ नये म्हणून त्या केबलमध्ये एक्स्चेंजमधून कोरडी हवा दाबानं भरून ठेवायचे, हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा मला थाप वाटली होती. पुढे जेली भरलेल्या केबल आल्या. पावसाळ्यात बाबा घरी दिसायचेच नाहीत. रात्रपाळीला त्यांच्यासोबत एक ट्रान्झिस्टर असायचा आणि त्यावर आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी. तिचा १५६६ किलोहर्ट्झचा, १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर नागपूरचाच, त्यामुळे खड्ड्यात बसूनही खणखणीत लागायचा. ती वाहिनी आता बंद झाली.

मग मोबाइल आले, मग फायबर. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त लोक एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांतले एक बाबा. त्यानंतरही काही महिने जुन्या ग्राहकांचे त्यांच्या मोबाइलवर फोन यायचे, "भाऊ, लाइन डेड आहे," आणि बाबा स्कूटर काढून जायचे. पुढे तेही थांबले. त्यांची हत्यारांची कातडी पिशवी जिन्याखाली खिळ्याला टांगलेली असते. आई तिला दिवाळीत पुसते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चमत्कार झाला. आकडा आपोआप खाली आला. १.८, मग १.५, मग १.३. आणि फक्त एका ठिकाणी नाही, २८ पासून २९.७ पर्यंत सगळीकडे १.३. आलेखात दरीच नाही, सपाट माळरान. शेजारच्या घरावरच्या सोलर पॅनेलच्या इन्व्हर्टरची खरखर माझ्या रेडिओत यायची, तीही जराशी कमी झाली. मी त्या आलेखाचा फोटो काढून मित्राला पाठवला. शेवटचे दोन सेंटिमीटर कापले त्याचाच हा परिणाम, असं मी ठरवून टाकलं. तोवर एकूण वीस सेंटिमीटर गेले होते.

आता वाटतं, तिथेच शंका यायला हवी होती. कुठलाही पाव तरंगलांबीचा अँटेना एवढ्या रुंद पट्ट्यावर सपाट १.३ दाखवत नाही. एखादी टेस्ट सूट शंभर टक्के हिरवी दिसली आणि नंतर कळलं की टेस्ट चालतच नव्हत्या, असं आमच्या धंद्यात होतं. पण त्या ऑगस्टमध्ये मला कुठेतरी एक चांगला आकडा हवा होता.

फक्त, मला कुणी ऐकेना.

मी हाका मारायचो, उत्तर नाही. इंडोनेशियावाले एकमेकांशी बोलताना ऐकू यायचे, पण माझ्याकडे लक्ष नाही. एफटी८ नावाचा एक डिजिटल प्रकार आहे, त्यात संगणक बारीक शिट्ट्यांसारखे संदेश पाठवतो आणि जगभरची यंत्रं ते ऐकून पीएसके रिपोर्टर नावाच्या साइटवर नोंद करतात. कुणी किती जोरात ऐकलं ते नकाशावर ठिपक्यांत दिसतं. मेमध्ये माझे ठिपके युरोपपर्यंत पसरायचे, आणि जवळच्या देशांतून उणे ८, उणे १० असे रिपोर्ट यायचे. ऑगस्टमध्ये पाच-सहा ठिपके आणि उणे १९, उणे २१. याच्या खाली गेलं की ऐकूच येत नाही.

मी सूर्याला दोष दिला. त्या वर्षी तो सोयीचाही होता. मे महिन्यात एवढं सौरवादळ झालं होतं की लडाखमध्ये हानलेहून आकाश लाल दिसलं. मी रोज सूर्यडागांचे आकडे बघायचो आणि स्वतःला सांगायचो की बँडच बंद आहे. हवामान काही प्रमाणात खरंच खराब होतं, नाही असं नाही. पण इतर लोक बोलतच होते की. अर्जांबाबतही माझं हेच चालू होतं. मार्केट डाउन आहे.

गणपतीच्या आधीच्या एका रविवारी, उघडीप होती तेव्हा, बाबा पुन्हा वर आले. या वेळी हातात जिन्याखालची पिशवी होती.

"किती दाखवते?"

"एक पॉइंट तीन. एकदम बरोबर आहे बाबा. अँटेनात काहीच प्रॉब्लेम नाही."

"मंग बोलून कोणी काऊन नाही राहिलं?"

मी सूर्याचं सांगायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "वरचं टोक काढ. उघडं ठेव. मंग मोज."

त्यांना एसडब्ल्यूआर माहीत नव्हता. पण तार उघडी ठेवली तर एका प्रकारचं उत्तर यायला हवं, आणि टोकं एकत्र जोडली तर दुसऱ्या प्रकारचं, आणि दोन्हीला सारखंच उत्तर आलं तर मधे कुठेतरी केबल खोटं बोलतेय, हे त्यांना पस्तीस वर्षांपासून माहीत होतं. मी शिडीवर चढून केबल नळीपासून सोडवली. आता वर अँटेनाच नाही. गेलेली सगळी लाट उघड्या टोकावर आपटून परत यायला हवी. एवढ्या लांबीची बारीक केबल जाता-येता थोडं खाते, ते धरलं तरी एसडब्ल्यूआर ५ च्या वर दिसायला हवा होता.

खाली येऊन यंत्र लावलं. १.६.

मी केबल हलवून बघितली. १.६. कॅलिब्रेशन पुन्हा केलं. १.६.

अँटेना असताना १.३, अँटेना नसताना १.६. म्हणजे वर अँटेना आहे की नाही, याची खाली कुणाला फिकीर नव्हती. नंतर खोलीत बसून हिशोब केला. केबल एका फेरीत तीन चतुर्थांशाहून जास्त ताकद खात होती. मी पन्नास वॅट पाठवत होतो, वर पोचत होते जेमतेम साडेअकरा. परत येताना उरलेल्याचीही तीच गत. खाली काही परतच येत नव्हतं, म्हणून मीटर खूश. इन्व्हर्टरची खरखर कमी झाली होती तीही त्याचमुळे, येणारा आवाजही केबल गिळत होती.

बाबांनी केबलच्या वरच्या टोकाची टेप सोलली. साधी काळी इलेक्ट्रिकची टेप. मेच्या उन्हात तिचा डिंक वितळून खाली घसरला होता, टेप गुंडाळलेली दिसत होती पण आतून मोकळी होती. कनेक्टर उघडला तर जाळीची तार काळी पडलेली, मधे हिरवट. त्यांनी कटर काढला आणि फूटभर केबल कापली. आतली जाळी काळीच. आणखी तीन फूट. काळी. मी म्हटलं, एवढं पाणी आत कसं जाईल? ते म्हणाले, जाळी म्हणजे वात आहे, कंदिलाची. वात जसं तेल ओढते तसं ही पाणी ओढते. फक्त वरून खाली, म्हणून अजून सोपं.

मग खाली बसून, केबलकडेच बघत, त्याच आवाजात ते म्हणाले, "चार महिने झाले, वरून तुझा आवाज येत नाही."

मला वाटलं रेडिओबद्दल बोलतायत.

"आधी घरी यायचा तेव्हा दिवसभर बडबड असायची. मीटिंग, मीटिंग. इंग्रजीत भांडायचा लोकांशी. आई म्हणायची, याले हळू बोलाले सांगा. आता दहाले बसतो, सातले उठतो. आवाज नाही." त्यांनी आणखी एक तुकडा कापला, टोक माझ्यासमोर धरलं. "हेही काळंच आहे."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं म्हटलं, "मार्चपासून."

"पैसे आहेत?"

"आहेत. डिसेंबरपर्यंत पुरतील."

"बरं." मग, "आईले आज सांगजो. मी नाही सांगणार."

केबल शेवटपर्यंत काळी निघाली. अख्खी वीस मीटर. तुकड्यांचा ढीग गच्चीच्या कोपऱ्यात जमला. आईला मी त्या रात्री सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नोकरी गेली याबद्दल नव्हे, तर चार महिने तिनं रोज साडेदहाला "ऑफिसमध्ये आहे तो" म्हणून वर चहा नेऊन दिला, त्याबद्दल. तो राग मला अजून पूर्ण फेडता आलेला नाही.

सोमवारी आम्ही दोघं स्कूटरवर सीताबर्डीला गेलो. जाड केबल घेतली, वीस मीटर, आधीच्यापेक्षा बरीच महाग. कनेक्टर घेतले. बाबांनी दुकानदाराकडे रबर टेप मागितली, ताणली की स्वतःलाच चिकटते ती. त्यानं दुसरीच काहीतरी पुढे केली. बाबांनी ती बोटांनी ताणून बघितली आणि परत केली. तिसऱ्या दुकानात मनासारखी मिळाली. हे सगळं करताना त्यांनी दुकानदारांशी ज्या भाषेत घासाघीस केली, ती मी पाच-सहा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

जॉइंट त्यांनी केला. मला फक्त बघायला लावलं. कनेक्टर नीट झाळला, कारण नुसता पिळून बसवलेला जोड पहिल्या पावसाला ओल धरतो. मग रबर टेप निम्म्या रुंदीला येईपर्यंत ताणून, खालून वर गुंडाळत नेली. खालून वर का, तर प्रत्येक थर खालच्यावर चढतो आणि पाणी कौलावरून घसरतं तसं बाहेरच्या बाहेर जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक कडा पाण्याला दार उघडून देते. त्यावर काळी टेप, ऊन रबराला लागू नये म्हणून. शेवटी केबल सरळ घरात न नेता खिडकीच्या खाली एक झोळ सोडला. पाणी केबलवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, खिडकीत चढत नाही. "प्रत्येक डीपी बॉक्सच्या खाली असा वळसा राहायचा," म्हणाले. "पाह्यला नाही कधी?" मी नागपूरच्या खांबांखालून सत्तावीस वर्षं चाललोय. नव्हता पाहिला.

नवी केबल लावली, अँटेना जोडला, यंत्र बघितलं. २.८.

बाबा म्हणाले, "आता?"

आता खरं दिसत होतं. केबल गप्प बसायची थांबली होती. आलेखात पुन्हा दरी होती, पण ती पार उजवीकडे, ३० च्याही पलीकडे, जिथे मला बोलायची परवानगीच नाही. वीस सेंटिमीटर मी कापले होते ना. ओल्या कनेक्टरमुळे सरकलेल्या दरीच्या मागे मी नळी कापत पळत होतो, आणि केबल पुरती भिजल्यावर दरीच दिसेनाशी झाली. एक बिघाड पावसाचा होता. दुसरा माझा.

कापलेले तुकडे मी ठेवले होते, पण जोडून उपयोग नव्हता. शेवटी इतवारीतून एक बारीक नळी आणली, मोठीच्या आत बरोबर सरकणारी, आणि होज क्लिपनं आवळली. आता लांबी मागेपुढे करता येते, कापावं लागत नाही. सुरुवातीलाच असं करायला हवं होतं, सगळी पुस्तकं हेच सांगतात. मी शिडीवर, नळी सरकवायला. बाबा खाली, स्टुलावर, गुडघ्यांमुळे त्यांना आता शिडी चढवत नाही. त्यांच्या हातात नॅनोव्हीएनए, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"सरकव."

एक सेंटिमीटर.

"दोन पॉइंट पाच."

सरकव. "दोन पॉइंट तीन." सरकव. "दोन पॉइंट एक." मधे एकदा आकडा वर गेला तर ते ओरडले, "शिडी सोड, हात लावून राहिला तू तारेले!" खरंच लागला होता. मग एकेका सेंटिमीटरनं, प्रत्येक वेळी मी खाली उतरून लांब उभा राहायचो, माझं अंग अँटेनाच्या जवळ असलं की आकडा बदलतो म्हणून. चढायचं, सरकवायचं, उतरायचं, विचारायचं. पंधरा-सोळा वेळा झालं असेल. आई गच्चीच्या दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघून खाली गेली.

२८.४ वर १.२ आला. आणि दोन्ही बाजूंना तो वाढत होता, जसा वाढायला हवा.

"वरचं टोक काढून पाह्य," बाबा म्हणाले.

"आता कशाला? आला की."

"पाह्य."

काढून मोजलं. आकडा पार वर, आलेख पडद्याबाहेर. पुन्हा जोडलं, पुन्हा रबर टेप, खालून वर. या वेळी मला करू दिली. दोनदा उकलून परत गुंडाळायला लावली.

नोकरी मला डिसेंबरात लागली, आधीपेक्षा कमी पगाराची, नागपुरातच. त्या रविवारी संध्याकाळी मात्र एवढंच झालं की पाच वाजता मी रेडिओ लावला आणि तिसऱ्या हाकेला एक इंडोनेशियन आला. त्यानं पाच-नऊ रिपोर्ट दिला, म्हणजे शब्द स्वच्छ, जोर भरपूर. बाबा खुर्चीच्या मागे उभे होते. "काय म्हणते?"

"आवाज येतोय म्हणतो."

ते मान हलवून गच्चीवर गेले. थोड्या वेळानं मी बघायला गेलो तर पिशवीतून पांढऱ्या प्लास्टिकची एक पट्टी काढून त्यांनी ती खिडकीजवळ केबलला बांधली होती, आणि मार्करनं तीवर तारीख, लांबी, आणि खाली, कोपऱ्यात, जॉइंट करणाऱ्याच्या सहीच्या जागी, आमच्या दोघांची आद्याक्षरं लिहीत होते.